मात्रा कोणाच्या हातात? – इन्शुलिनचा घरगुती इतिहास



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा अकोल्याहून एक फोन आला. आमच्या जुन्या शेजाऱ्यांचा मुलगा, आता तिथे डॉक्टर आहे. म्हणाला, "सर, तुम्ही अ‍ॅरिस्टॉटल सोडून आमच्या खात्यात काहून शिरून रायले?" आम्ही त्याला म्हटलं, बाबा रे, आम्ही हौसेनं शिरलो नाही. आमच्या घरात दोन माणसांना इन्शुलिन टोचलं गेलं. आधी आमच्या मायला, मग आमच्या सौभाग्यवतींना. दोन्ही वेळा मात्रेचा हिशेब चुकला. एकदा तो आमच्या वडिलांचा चुकला, एकदा आमचा. त्या दोन चुकांमध्ये सुमारे पंचेचाळीस वर्षं आहेत, आणि या पंचेचाळीस वर्षांत वैद्यकशास्त्र कुठल्या कुठे गेलं. तरी चूक व्हायची ती झालीच. असं का झालं, हे समजून घ्यायला आम्ही इतिहासाकडे गेलो. आज जे सांगणार आहोत ते त्यातून हाती लागलेलं आहे.

एक खुलासा आधीच करतो. आमच्या नावामागे 'डॉक्टर' लागतं ते तत्त्वज्ञानाच्या प्रबंधामुळे. तेव्हा हे ऐकून घरी जाऊन कोणी युनिट वाढवू नका, कमीही करू नका. आम्ही मात्रा सांगणार नाही. मात्रा ठरवण्याचा अधिकार कोणाकडे होता, तो कसा सरकत गेला आणि त्याबरोबर कोणती जबाबदारी आली, तेवढंच सांगणार आहोत.

हिशेब साधा आहे. डॉक्टर तीन महिन्यांतून एकदा भेटतात, दहा मिनिटं. मधल्या ९० दिवसांत, दिवसाला दोन इंजेक्शनं धरली, तर १८० वेळा घरातलाच कोणीतरी सिरिंज भरतो. आज जेवण कमी झालं, आज ताप आहे, आज एकादशी आहे, आज लग्नाला जायचंय, तेव्हा तेवढंच भरायचं की नाही? हा प्रश्न १८० वेळा घरात येतो. औषधांच्या जगात असं दुसरं उदाहरण क्वचितच सापडेल. तापाची गोळी एखादी कमीजास्त झाली तर सहसा आभाळ कोसळत नाही. इन्शुलिनचं तसं नाही. कमी पडलं तर ते वर्षानुवर्षं हळूहळू मारतं, आणि जास्त झालं तर तासाभरात.

अकोला, १९७४

आता मायची गोष्ट. अकोल्याचं जुनं शहर, मोर्णेच्या काठापासून फार लांब नाही असं घर. वडील जिनिंग-प्रेसिंगमध्ये कारकून. मायला चाळिशीतच साखर लागली आणि गोळ्यांनी भागेना म्हणून इन्शुलिन सुरू झालं. टोचायचं काम वडिलांचं. काचेची सिरिंज आणि जाड सुई एका पितळी डब्यात उकळायची, कापूस, स्पिरिट, सगळं शिस्तीत. घरात फ्रिज नव्हता. इन्शुलिनची बाटली रांजणाच्या बुडाशी ओल्या रेतीत, वर ओलं फडकं. अकोल्याचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. पारा पंचेचाळिसाच्या वर जातो तिथे.

त्या काळचं इन्शुलिन जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं असे, गाईबैलांच्या नाहीतर डुकरांच्या. बाटलीवर तसं इंग्रजीत लिहिलेलं असे. माय माळकरी होती. वडील नवी बाटली आणली की ब्लेडनं लेबलावरचा तो एक शब्द खरवडून काढत. मायला इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी खरवडत. कारण आम्हाला पुष्कळ वर्षांनी कळलं: तो शब्द त्यांना स्वतःलाच वाचायचा नव्हता.

त्या वर्षी घरी महालक्ष्म्या होत्या. जेवणाचा दिवस. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या, फुलोरा. मायचा उपास, नैवेद्य झाल्याशिवाय पाणीही नाही. वडिलांनी सकाळी आठला नेहमीप्रमाणे साधं आणि लेंटे मिळून २८ युनिट टोचलं. बाराला जेवणं होतील असा अंदाज. गुरुजींना आणखी दोन घरं होती, ते आले दीड वाजता. आरती सुरू झाली आणि माय डोलायला लागली. घाम, थरथर, डोळे फिरलेले, तोंडानं भलतंच काहीतरी. बायका म्हणाल्या, "माय गे, अंगात आलं!" कोणी कुंकू लावलं, कोणी पायावर डोकं ठेवलं, कोणी तर मुलीचं लग्न कधी जमंल म्हणून विचारलं.

पंगतीला आलेल्या पाहुण्यांत एक कंपाउंडर होते. ते गर्दीतून पुढे आले, मायचा हात धरला आणि ओरडले, "अरे देवी नोहे ते, साखर उतरली! तिले साखरपाणी पाजा पहिले!" माय अजून गिळू शकत होती हे नशीब. पेलाभर साखरेचं पाणी गेलं, दहा-पंधरा मिनिटांत नजर जागेवर आली. पहिलं वाक्य काय, तर "गुरुजी जेवले का?" सगळे हसले. वडील हसले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून वडिलांनी २८ चे १६ केले. कोणाला विचारलं नाही, कोणाला सांगितलं नाही. डॉक्टरांनाही नाही.

त्या वेळी घरी तपासायचं साधन म्हणजे बेनेडिक्टचं निळं द्रावण. परीक्षानळीत पाच मिली द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, पिवळं, नारिंगी, आणि शेवटी विटेसारखं लाल. मायची नळी लाल यायला लागली. आम्ही तेव्हा एम.ए. करत होतो, सुट्टीत घरी आलो की म्हणायचो, बाबा, लाल येऊन राहिली. ते म्हणायचे, "लाल बरी. ते दुपार नको."

सात वर्षं नळी लाल येत राहिली. १९८१ मध्ये मायचे डोळे गेले. पुढची पाच वर्षं ती भिंतीला हात लावत घरात फिरली.

आम्ही वडिलांवर फार वर्षं रागावून होतो. तो राग इतिहास वाचताना गेला. कसा गेला, ते पुढे येईल.

सशाचं माप

मधुमेह आपल्याकडे जुना. चरक-सुश्रुतांना गोड लघवीची ओळख होती, तिला मुंग्या लागतात ही खूण त्यांनी नोंदवली. सुश्रुतांनी प्रमेहाचे दोन प्रकार केले: एक 'सहज', म्हणजे जन्मतःच लागलेला, आणि दुसरा अपथ्यामुळे झालेला. सडपातळ रोग्याला पोसायचं आणि स्थूल रोग्याला हलकं करायचं, असा उपचारातला फरकही सांगितला. चरकसंहितेत तर मात्रेनं खाण्यावर 'मात्राशितीय' नावाचा अख्खा अध्याय आहे. एकाच दुखण्याला एकच माप चालत नाही, हे भान आपल्या परंपरेत होतं. नव्हतं ते औषध.

औषध आलं टोरांटोत. १८८९ मध्ये जर्मन संशोधक मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि कुत्र्याला मधुमेह झाला. तेव्हा जागा सापडली; रस सापडायला आणखी तीस वर्षं लागली. १९२१ च्या उन्हाळ्यात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत तो रस काढला. ११ जानेवारी १९२२ ला लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं, ते फारसं लागू पडलं नाही. मग जेम्स कॉलिप यांनी रस शुद्ध केला, २३ जानेवारीला पुन्हा टोचला, आणि मुलाची साखर उतरली. पेटंट टोरांटो विद्यापीठाला नावापुरत्या एकेका डॉलरला देऊन टाकलं. १९२३ मध्ये बँटिंग आणि मॅक्लाउड यांना नोबेल मिळालं. आपल्या अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज, म्हणजे पुढचं आपलं विदर्भ महाविद्यालय, निघालं तेही १९२३ सालीच. म्हणजे इन्शुलिन आणि आमचं कॉलेज एका वयाचे.

त्याआधी काय होतं? उपासमार. अमेरिकेतले डॉक्टर अ‍ॅलन रोग्याला इतकं कमी खायला देत की साखर वाढूच नये. रोगी साखरेनं मरायचा तो भुकेनं मरायचा, थोडा उशिरा. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी एलिझाबेथ ह्यूज ऑगस्ट १९२२ मध्ये टोरांटोला पोचली तेव्हा वय होतं पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर आणि वजन वीस किलोच्या आसपास. तिला इन्शुलिन मिळालं, ती स्वतः टोचून घ्यायला शिकली आणि १९८१ पर्यंत जगली.

पण आमच्या विषयाला महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. टोरांटोत पहिला प्रश्न पडला तो असा: हे मोजायचं कशात? रस शुद्ध नव्हता, प्रत्येक घाण्याचा जोर वेगळा. ग्रॅममध्ये मोजून उपयोग नव्हता. म्हणून ससा आणला. दोन किलोचा, चोवीस तास उपाशी ठेवलेला ससा. त्याची साखर ठराविक पातळीपर्यंत उतरवायला जेवढं लागेल त्याचा तिसरा हिस्सा म्हणजे एक युनिट, अशी व्याख्या १९२३ मध्ये ठरली. आज तुमच्या सिरिंजवर जी रेघ आहे तिच्या मुळाशी हा उपाशी ससा आहे. आणि कॉलिपनं त्याच सशांमध्ये आणखी एक गोष्ट पाहिली. मात्रा जास्त झाली की ससे झटके येऊन पडायचे, आणि साखर टोचली की उठून बसायचे. म्हणजे औषध आणि त्याचा धोका यांची ओळख एकदमच झाली. मायला आरतीत जे झालं ते टोरांटोच्या सशांना आधी झालं होतं.

डॉक्टरच्या हातून घराच्या हातात

बाकी औषधांचा इतिहास पाहिला तर अधिकार डॉक्टरकडेच राहतो. इन्शुलिननं ते चालू दिलं नाही, कारण ते रोज लागतं आणि रोजचं जेवण रोज वेगळं असतं. बोस्टनच्या इलियट जॉस्लिन यांना हे सगळ्यांत आधी उमगलं. १९१८ मध्येच, इन्शुलिन यायच्या आधी, त्यांनी रोग्यांसाठी पुस्तिका लिहिली होती. नंतर त्यांनी नर्सेसना रोग्यांच्या घरी पाठवून शिकवायला सुरुवात केली: मोजायचं कसं, टोचायचं कसं, काय दिसलं की थांबायचं. जो रोगी जास्त शिकतो तो जास्त जगतो, अशी त्यांची धारणा होती.

लंडनचे डॉ. रॉबिन लॉरेन्स यांची गोष्ट तर विलक्षण. स्वतः मधुमेही. घरच्यांच्या डोळ्यांसमोर मरायला नको म्हणून इटलीत फ्लॉरेन्सला जाऊन राहिले होते. १९२३ मध्ये लंडनहून सहकाऱ्याचा निरोप आला की इन्शुलिन मिळालंय, ताबडतोब ये. ते कसेबसे परतले, टोचून घेतलं, आणि १९६८ पर्यंत जगले. त्यांनी रोग्यांसाठी पुस्तक लिहिलं, आणि १९३४ मध्ये लेखक एच. जी. वेल्स यांच्याबरोबर मधुमेहींची संघटना काढली. वेल्सही मधुमेहीच. ज्याच्या अंगात रोग आहे त्याच्याही हातात ज्ञान हवं, हा विचार अशा माणसांनी रुजवला. आपल्याकडे मुंबईत १९५५ मध्ये डॉ. आजगावकरांच्या पुढाकारानं डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया निघाली, तीही याच वाटेवरची.

आता आमच्या वडिलांना कोणी शिकवलं होतं का? टोचायला शिकवलं होतं. विचार करायला नाही. 'इतके युनिट' असं सांगितलं होतं. 'जेवण उशिरा असेल तर काय' हे सांगितलं नव्हतं. पाच मिनिटांचं वाक्य होतं ते. जेवायला उशीर होणार असेल तर सुईसुद्धा उशिरा. किंवा त्या दिवशी काय करायचं ते आदल्या दिवशी विचारून ठेवायचं.

आणि ती नळी! नळी निळी आली म्हणजे लघवीत साखर नाही, एवढंच कळतं. रक्तात साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही. म्हणजे रक्तात १५० असो की ५०, नळी निळीच. उत्तम दिवस आणि जीवघेणा दिवस, दोन्हींचा रंग एकच. ज्या माणसानं ती दुपार पाहिली, त्याला निळ्या रंगाची भीती वाटली तर त्याला अडाणी कसं म्हणायचं? लाल रंगात निदान एक खात्री होती, की आज ती पडणार नाही. हे लक्षात आलं त्या दिवशी आमचा वडिलांवरचा राग गेला. त्यांची निवड चुकीची होती, पण त्यांच्या हातातल्या साधनानं त्यांना दुसरी निवड दाखवलीच नव्हती.

माईसाहेब

घरच्या माणसानं मात्रा सांभाळण्याचं महाराष्ट्रातलं सगळ्यांत मोठं उदाहरण आपल्या समोर आहे, पण आपण ते या अंगानं पाहत नाही.

नोव्हेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे अमरावतीत आले होते, अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून. तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते. वीस वर्षांनी, राज्यघटनेच्या मसुद्याचं काम अंगावर असताना, शरीर पार थकलं होतं. मधुमेह, पायांतल्या वेदना, झोप नाही. उपचारासाठी ते मुंबईत डॉ. माधवराव मालवणकरांकडे जात. तिथेच डॉ. शारदा कबीर काम करत होत्या. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एम.बी.बी.एस. १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत दोघांचं लग्न झालं. शारदा कबीर सविता आंबेडकर झाल्या, लोकांच्या माईसाहेब.

त्यांनी १९९० मध्ये 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' हे आत्मकथन प्रसिद्ध केलं. जेवणाचं पथ्य, औषधं, इन्शुलिन, विश्रांती, ही रोजची जबाबदारी त्यांनी कशी उचलली ते त्यातून दिसतं. कल्पना करा: लग्नानंतर दीड वर्षानं, २५ नोव्हेंबर १९४९ ला, संविधान सभेत ते समारोपाचं भाषण झालं. रात्र रात्र लिहिणारा, वेळेवर न जेवणारा, कामापुढे शरीर न मानणारा रोगी. अशा माणसाच्या इन्शुलिनचा मेळ जेवणाशी घालायचा. डॉक्टर असणं एक, आणि रोज त्या घरात राहून ते करणं वेगळं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली, तेव्हा माईसाहेबांनीही त्यांच्याबरोबर दीक्षा घेतली. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले.

आणि त्यानंतर काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. संशय. ज्या बाईच्या हातात औषध होतं, तिच्याच हाताकडे बोट दाखवलं गेलं. सरकारी पातळीवर मृत्यू नैसर्गिक असल्याचंच सांगितलं गेलं, तरी कुजबूज थांबली नाही. माईसाहेब त्यानंतर जवळपास शेहेचाळीस वर्षं जगल्या. २००३ मध्ये गेल्या.

आम्ही हे राजकारण उकरायला सांगत नाही. सांगायचं ते असं, की मात्रा हातात घेणारा माणूस एकटा पडतो. माईसाहेब शिकलेल्या डॉक्टर होत्या, तरी त्यांच्या वाट्याला हे आलं. मग आपल्या घरात सासूला इन्शुलिन टोचणारी सून, आईला टोचणारा मुलगा? बरं झालं तर डॉक्टरचं नाव, बिघडलं तर "तूच जास्त टोचलं असशील." ही भीती मनात असली की माणूस वडिलांसारखंच करतो: कोणाला न सांगता मात्रा कमी करून ठेवतो. कमी मात्रेचा आळ कोणावर येत नाही, कारण तिचं नुकसान हळू होतं.

नळीपासून मीटरपर्यंत

नळीचा काळ संपवला तो एका इंजिनिअरनं. रिचर्ड बर्नस्टाइन, न्यूयॉर्कचे, लहानपणापासून मधुमेही. १९७० च्या सुमारास रक्तातली साखर मोजणारं यंत्र निघालं, पण ते दवाखान्यांसाठी आणि डॉक्टरांसाठीच विकत. वजन दीडेक किलो, किंमत साडेसहाशे डॉलर. बर्नस्टाइन यांच्या पत्नी डॉक्टर होत्या. त्यांच्या नावावर यंत्र मागवलं, दिवसातून अनेकदा स्वतःचं रक्त तपासलं, आणि त्याप्रमाणे इन्शुलिन बदललं. डॉक्टरमंडळी ऐकेनात, तेव्हा चाळिशी ओलांडल्यावर ते स्वतः डॉक्टर झाले. पुन्हा पाहा, दार उघडलं ते घरच्या माणसाच्या नावानं.

पुढचं थोडक्यात सांगतो. १९८२ मध्ये जिवाणूंकडून तयार करवलेलं मानवी इन्शुलिन बाजारात आलं. आमच्या वडिलांचं ब्लेड त्यानंतर लागलं नसतं. १९९३ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या १४४१ रोग्यांच्या मोठ्या अभ्यासाचा निकाल आला: साखर काटेकोर ठेवली तर डोळ्यांचं दुखणं पाऊणपट टळतं. माय तेव्हा जाऊन सात वर्षं झाली होती. पण त्याच अभ्यासात हेही दिसलं, की काटेकोर राहणाऱ्यांमध्ये साखर धोकादायक उतरण्याचे प्रसंग तिप्पट झाले. वडिलांच्या दोन्ही भीती, नळीतली लाल आणि ती दुपार, एकाच निकालात खऱ्या ठरल्या.

२००५ मध्ये जवळपास पाच हजार रोग्यांवर एक तुलना झाली. एका गटाची मात्रा दवाखान्यानं बदलायची, दुसऱ्या गटानं ठरवून दिलेल्या साध्या नियमानं ती घरी स्वतः बदलायची. घरी बदलणाऱ्यांची साखर जास्त आटोक्यात आली. म्हणजे घरचा माणूस नालायक नाही. त्याला नियम दिला आणि पाठीशी कोणी उभं राहिलं, तर तो हे करू शकतो.

आणि २००८ मध्ये उलट बाजू. वय झालेल्या, हृदयविकाराचा धोका असलेल्या दहा हजारांवर रोग्यांच्या अभ्यासात साखर अगदी निरोगी माणसाइतकी खाली आणायचा प्रयत्न केला, तर त्या गटात मृत्यू जास्त झाले. तो भाग मध्येच थांबवावा लागला. सगळ्यांसाठी एकच आकडा चांगला, ही समजूत तिथे मोडली.

अ‍ॅरिस्टॉटलनं ही गोष्ट नीतिशास्त्रात सांगून ठेवली आहे. मध्यम म्हणजे दहा आणि दोनच्या मधले सहा नव्हेत. पहिलवान मायलोला जेवढं अन्न कमी पडेल, तेवढंच नवशिक्याला जास्त होईल. मध्यम हा 'आपल्या संदर्भातला' असतो. आम्ही हे वर्गात तीस-पस्तीस वर्षं शिकवलं. आणि घरी विसरलो.

आमची वही

आमच्या सौभाग्यवतींना पंचवीस वर्षांपासून साखर. इन्शुलिन बारा वर्षं झाली. मायचं पाहिलं होतं, म्हणून आम्ही ठरवलं की इथे ढिलाई नाही. वही केली, रकाने आखले, लाल-निळी शाई. सकाळी उपाशीपोटी १३० दिसले की संध्याकाळचे दोन युनिट वाढव. ९५ आले की आम्हाला पेपर पहिल्या वर्गात तपासून झाल्यासारखं वाटे. डॉक्टरांना वही दाखवायचो, ते कौतुक करायचे.

२०१९ चा हिवाळा. रात्री तीनला त्या उठून बसल्या. म्हणाल्या, "बडनेरा आलं का? बॅग काढा ना." आम्ही म्हटलं, स्वप्न पडलं असेल. आठवड्यानं पुन्हा. मुलाला पुण्याला फोन केला, आईला विसराळूपणा सुरू झालाय बहुतेक. वय झालं, असं दोघांनीही मान्य करून टाकलं. तिसऱ्या वेळी मानेला हात लागला तर मान घामानं ओली. डिसेंबरात. तेव्हा आम्हाला एकदम अकोल्याची आरती आठवली. मीटर लावला: ४८.

तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, मग दोन बिस्किटं. सकाळी डॉक्टरांकडे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, किडनीचा रिपोर्ट कधी केला? रिपोर्ट होता. गुडघ्यासाठी वेगळीकडे गेलो होतो तेव्हा केलेला, आमच्याच टेबलाच्या खणात. आम्ही तो साखरेच्या डॉक्टरांना दाखवलाच नव्हता, कारण तो 'गुडघ्याचा' होता. मूत्रपिंड थकलं की शरीरातून इन्शुलिन लवकर बाहेर पडत नाही. तेवढीच मात्रा जास्त वेळ काम करत राहते. शिवाय त्यांचं जेवण वर्षभरात दोन भाकरींवरून एकीवर आलं होतं. हे आम्ही रोज ताटात पाहत होतो आणि वहीत त्याचा रकाना नव्हता. संध्याकाळचे २२ युनिट डॉक्टरांनी १४ वर आणले आणि म्हणाले, "सर, आता सकाळी १४० आले तर मला चालतात. तुम्हाला चालतील का?"

वडिलांनी भीतीनं मात्रा कमी केली आणि आम्ही अभिमानानं वाढवली. दोघांनीही रंगाकडे नाहीतर आकड्याकडे पाहिलं, माणसाकडे नाही.

आता वहीत आम्ही चार रकाने जास्त आखलेत: काय आणि किती जेवण झालं, उपास किंवा सण, ताप-जुलाब, आणि रात्रीची झोप. मात्रा कमी करायची वेळ कोणती आणि विचारायची वेळ कोणती, हे डॉक्टरांकडून लिहून घेतलंय. ७० च्या खाली आकडा एकदा आला तरी त्याच दिवशी फोन. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी-साखर काही घालायचं नाही, थेट दवाखाना. आणि टोचायचं काम आम्ही करतो, पण आकडा त्या वाचतात. दोघांनी मोठ्यानं म्हणायचं, मग सुई.

मोठ्यानं का, ते अकोल्याच्या आमच्या भाचीनं शिकवलं. तिच्या सासऱ्यांची ४० च्या ताकदीची बाटली मिळाली नाही म्हणून घरी १०० ची आली, आणि सिरिंज राहिली जुनी, लाल टोपणाची, ४० ची. १० च्या रेघेपर्यंत भरलं की प्रत्यक्षात जातात २५ युनिट. अडीचपट. सुई टोचायच्या आधी तिनं बाटली मोठ्यानं वाचली म्हणून थांबली. आपल्या देशात दोन्ही ताकदी चालतात, तेव्हा बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का, हे दर नव्या बाटलीला पाहा. नारिंगी टोपण १०० साठी, लाल ४० साठी. आमच्या वडिलांनी लेबल खरवडलं. तुम्ही ते वाचा.

एक प्रश्न

शेवटी श्रोत्यांतून एका ताईंनी विचारलं: "सर, सासूबाई महालक्ष्म्यांचा उपास सोडायला तयारच नाहीत. काय करू?"

ताई, भांडू नका. सणाच्या आठ दिवस आधी त्यांना बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्या दिवसाचं सगळं लिहून आणा, सुई केव्हा, किती, नैवेद्याला उशीर झाला तर काय. गुरुजींना सांगा, पहिलं घर आमचं धरा. आमच्या घरी आता तसंच करतो, गुरुजी सकाळी दहाला येतात. आणि आरतीला उभं राहताना तुम्ही सासूबाईंच्या शेजारी उभ्या राहा. पदराला थोडी साखर बांधून ठेवा. डोलायला लागल्या तर नमस्कार नंतर करा.